रॉनी लेन : निवांत सुरांचा कष्टप्रद प्रवास

तारुण्यात आवडलेला एखादा गीतसंग्रह अनेक वर्षांनी पुन्हा ऐकला, की त्यातील तेच सूर निराळे भासू लागतात. सप्टेंबर १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘रफ मिक्स’ हा असाच एक संग्रह होय. ब्रिटनमध्ये पंक संगीताचा गदारोळ सुरू असताना आलेल्या या ध्वनिमुद्रिकेत गिटार, अकॉर्डियन आणि हार्मोनिकाच्या साथीने गायलेली संथ, लोकसंगीताच्या वळणाची गीते होती. ‘द हू’ या वाद्यवृंदाचे पीट टाऊनशेंड आणि रॉनी लेन हे तिचे दोन कर्ते होते. त्या निवांतपणाची लेन यांना किती किंमत मोजावी लागली, हे बहुतेक श्रोत्यांना पुढे कळले.

लेन यांचा जन्म १ एप्रिल १९४६ रोजी पूर्व लंडनमधील एका कष्टकरी कुटुंबात झाला. वडील मालमोटार चालवीत असत. १९६५ मध्ये स्टीव्ह मॅरियट यांच्यासह त्यांनी ‘स्मॉल फेसेस’ हा वाद्यवृंद स्थापन केला. बास गिटारवादन आणि गीतरचना या दोन्ही जबाबदाऱ्या ते सांभाळीत. मॅरियट बाहेर पडल्यानंतर, १९६९ मध्ये, रॉड स्ट्युअर्ट आणि रॉन वुड यांच्या आगमनाने ‘फेसेस’ हा नवा संच उभा राहिला.

याच काळात टाऊनशेंड आणि लेन या दोघांवर मेहेरबाबांच्या विचारांचा प्रभाव पडला. पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांचे १९६९ मध्ये निधन झाले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जवळील मेहेराबाद येथे त्यांची समाधी आहे. त्यांच्या स्मरणार्थ १९७० मध्ये काढलेल्या ध्वनिमुद्रिकेत लेन यांचे एक गीत होते. दगडापासून मनुष्यापर्यंत होणारा आत्म्याचा प्रवास हा त्याचा विषय होता.

‘फेसेस’ लोकप्रियतेच्या शिखरावर असतानाच, १९७३ मध्ये, लेन यांनी तो वाद्यवृंद सोडला. वेल्सच्या सीमेवरील एका शेतावर त्यांनी बिऱ्हाड केले आणि ‘स्लिम चान्स’ हा संच उभारला. १९७४ मध्ये तंबू, विदूषक आणि गाड्यांचा ताफा घेऊन ते गावोगावी फिरले. आपल्याकडील फिरत्या तमाशा फडाची आठवण करून देणारा हा प्रयोग मात्र आर्थिकदृष्ट्या फसला.

कर्जाच्या ओझ्याखाली असलेल्या लेन यांनी मदतीसाठी टाऊनशेंड यांच्याकडे धाव घेतली आणि त्यातून ‘रफ मिक्स’ साकारला. ग्लिन जॉन्स यांनी निर्मितीची धुरा सांभाळली. एरिक क्लॅप्टन आणि ‘रोलिंग स्टोन्स’चे चार्ली वॉट्स यांनी साथ केली. त्या दिवसांत लेन यांचा तोल जात असे. सोबत्यांना तो मद्याचा परिणाम वाटे. प्रत्यक्षात ती मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या विकाराची सुरुवात होती. त्यांच्या आईलाही हाच आजार होता, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्यांना पुरेपूर कल्पना होती.

आजार बळावत गेला, तशी बोटांतील ताकद ओसरली. २० सप्टेंबर १९८३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या विकारावरील संशोधनाच्या मदतीसाठी मैफल झाली. क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तिघे नामवंत गिटारवादक त्यासाठी एका मंचावर आले. अखेरीस दुर्बळ झालेल्या लेन यांनी स्वतः गायन केले.

त्यानंतर ते अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक झाले. प्रकृती साथ देईल तेवढे गात राहिले आणि १९९० मध्ये त्यांनी जपानचा दौराही केला. ‘स्मॉल फेसेस’च्या गीतांचे मानधन मात्र त्यांना मिळत नव्हते. उपचारांचा भार पेज, स्ट्युअर्ट आणि वुड या मित्रांनी उचलला. ४ जून १९९७ रोजी कोलोरॅडो राज्यातील ट्रिनिडाड येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. ते ५१ वर्षांचे होते.

२०१२ मध्ये ‘स्मॉल फेसेस’ आणि ‘फेसेस’ यांना ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये एकत्रित स्थान मिळाले. तो सन्मान पाहण्यास लेन हयात नव्हते. ‘रफ मिक्स’मधील ‘अ‍ॅनी’ हे गीत आज ऐकताना त्या आवाजात कुठेही घाई वा तक्रार जाणवत नाही. गाणाऱ्याचे शरीर तेव्हाच साथ सोडू लागले होते, हे माहीत झाल्यावर मात्र ती शांतता अधिक काळ मनात रेंगाळते.