गोलंदाज बाळू पालवणकर

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. कोवळ्या वयातच त्यांनी पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात नोकरी धरली. खेळपट्टीवर रोळ फिरवावा, जाळी बांधावी आणि सरावास येणाऱ्या साहेबांना चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. फलंदाजी त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. परंतु ग्रेग यांच्यासारख्या निष्णात फलंदाजाला नित्य गोलंदाजी करता करता त्यांचा डावा हात तयार झाला. चेंडूला उंची किती द्यावी, तो केव्हा वळवावा, हे त्यांना उमगले.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना आपल्यात घेतले. मैदानावर सवंगडी त्यांच्याच हातचा चेंडू घेत; चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. हे शल्य उरी बाळगून ते खेळत राहिले. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना नमवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ साली हिंदी संघाच्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तथापि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९५५ साली बाळू निवर्तले.

ज्या हातांनी त्यांनी परक्यांसाठी मैदान सिद्ध केले, त्याच हातांनी आपल्या बांधवांसाठी वाट मोकळी केली.