कार्ल लँडस्टायनर

मुलांनो, मोहोळच्या दवाखान्यात रक्तगट तपासला, की कागदावर ए, बी, एबी किंवा ओ असे लिहून मिळते. हे गट ज्यांनी शोधले, त्यांची ही गोष्ट.

कार्ल लँडस्टायनर १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात जन्मले. ते सहा वर्षांचे असताना वडील वारले. आईने त्यांना वाढवले. ते डॉक्टर झाले. पण त्यांचे मन प्रयोगशाळेत रमले.

त्या काळी एकाचे रक्त दुसऱ्याला दिले, की कोणी वाचे, तर कोणी दगावे. असे का होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. लँडस्टायनर यांनी स्वतःचे व सहकाऱ्यांचे रक्त घेतले. एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तजलात मिसळल्या. काही वेळा पेशींच्या गुठळ्या झाल्या, काही वेळा झाल्या नाहीत. यावरून १९०१ साली त्यांनी तीन रक्तगट दाखवून दिले. पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना चौथा गट सापडला. १९३० साली लँडस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २६ जून १९४३ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

रक्तगट आपल्याला आईवडिलांकडून मिळतो. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना एक दुर्मीळ गट आढळला. साध्या तपासणीत तो ओ वाटतो. पण त्या माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही. त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. म्हणून रुग्णाला रक्त देण्यापूर्वी दोघांचे रक्त मिसळून पाहतात. लँडस्टायनर यांनीही तेच केले होते.

तुमचा रक्तगट कोणता, हे तुम्हांला माहीत आहे का?