हिमोग्लोबिनला नाव देणाऱ्या माणसानेच कोलंबीच्या सालीतल्या 'कायटोसान'चं बारसं केलं होतं

रविवारी सकाळी कुर्ल्याच्या मासळी बाजारातून कोलंबीचा वाटा घरी आला की पुढचं काम ठरलेलं असतं. डोकं मोडायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा. कालवणात जाते ती जेमतेम निम्मी कोलंबी. उरलेलं सगळं पिशवीत बांधून लगेच खाली न्यायचं, कारण संध्याकाळपर्यंत घरात राहिलं तर अख्ख्या मजल्याला वासावरून कळतं की आज यांच्याकडे कोलंबी होती.

आपण जे टाकतो त्यापासून आज नॅनोकण बनतात. जखमेचं रक्त थांबवणाऱ्या पट्ट्या, औषध पोहोचवणारे सूक्ष्म कण, पाण्यातले जड धातू ओढून घेणारे पदार्थ अशा अनेक कामांसाठी सालीतल्या एकाच पदार्थावर जगभर संशोधन चालू आहे. त्याचं नाव कायटोसान. हे नाव 1894 मध्ये एका जर्मन शास्त्रज्ञाने दिलं. त्याचं नाव फेलिक्स होप्पे-झायलर.

हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण त्याने दिलेलं दुसरं एक नाव तुमच्या ब्लड रिपोर्टवर पहिल्या काही ओळींतच छापलेलं असतं. ते म्हणजे हिमोग्लोबिन.

अनाथाश्रमातला मुलगा

फेलिक्स होप्पेचा जन्म 26 डिसेंबर 1825 चा, जर्मनीतल्या फ्रायबुर्ग या छोट्या गावातला. वडील पाद्री होते. तो सहा वर्षांचा असताना आई गेली आणि नऊ वर्षांचा असताना वडीलही गेले. काही काळ त्याला मेव्हणे गेओर्ग झायलर यांनी सांभाळलं. पुढे तो हाले शहरातल्या अनाथाश्रमात राहिला आणि तिथेच शिकला.

मग त्याने वैद्यकीचं शिक्षण घेतलं, पण रुग्ण तपासण्यापेक्षा त्याचा ओढा प्रयोगशाळेकडे होता. शरीर आतून कसं चालतं याचं उत्तर रसायनशास्त्रात सापडेल, असं त्याला वाटत होतं. त्या काळी ही कल्पना नवी होती. बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्को या नामवंत डॉक्टरांच्या संस्थेत त्याला रासायनिक प्रयोगशाळा मिळाली. 1861 मध्ये तो ट्युबिंगनला प्राध्यापक झाला.

तिथली प्रयोगशाळा होती एका जुन्या किल्ल्यात. पूर्वी जिथे कपडे धुतले जायचे आणि स्वयंपाक व्हायचा, तिथे आता परीक्षानळ्या मांडल्या होत्या. रक्ताचा लाल रंग कशामुळे, तो पदार्थ प्राणवायू कसा धरतो आणि कसा सोडतो, याचा अभ्यास त्याने प्रकाशाच्या वर्णपटाच्या मदतीने केला. 1864 मध्ये त्या पदार्थाला त्याने हिमोग्लोबिन हे नाव दिलं. त्याच वर्षी झायलर यांनी त्याला रीतसर दत्तक घेतलं आणि फेलिक्स होप्पेचा फेलिक्स होप्पे-झायलर झाला.

एकदा बरोबर, एकदा चूक

1869 मध्ये त्याच किल्ल्यात फ्रीडरिश मीशर नावाचा तरुण संशोधक काम करत होता. रुग्णालयातून आणलेल्या पट्ट्यांवरचा पू धुऊन तो पांढऱ्या पेशी मिळवायचा. त्या पेशींच्या केंद्रकात त्याला एक अनोळखी पदार्थ सापडला. त्याला त्याने न्यूक्लीन म्हटलं. आज आपण ज्याला डीएनए म्हणतो, त्याची ही पहिली ओळख.

पण होप्पे-झायलरने तो निबंध लगेच छापला नाही. आधी त्याने स्वतः ते सगळे प्रयोग पुन्हा केले. निबंध 1871 मध्ये बाहेर आला. दोन वर्षं वाट पाहणं मीशरला सोपं गेलं नसणार, पण छापून आलं तेव्हा त्या दाव्यामागे गुरूची पडताळणीही उभी होती.

हीच शिस्त पुढे एकाला महागात पडली. 1872 पासून होप्पे-झायलर स्ट्रासबुर्गला होता आणि 1877 मध्ये त्याने जीवरसायनशास्त्राला वाहिलेलं स्वतःचं नियतकालिक सुरू केलं होतं. इंग्लंडमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या चार्ल्स मॅकमन यांना प्राण्यांच्या स्नायूंमध्ये हिमोग्लोबिनपेक्षा वेगळं एक रंगद्रव्य दिसलं होतं. होप्पे-झायलरने ते मानलं नाही आणि आपल्या नियतकालिकातला तो वाद संपादक या नात्याने बंद करून टाकला. मॅकमन 1911 मध्ये वारले. 1925 मध्ये डेव्हिड काइलिन यांनी तेच रंगद्रव्य पुन्हा शोधलं. आज त्याला सायटोक्रोम म्हणतात. मॅकमन बरोबर होते, पण ते ऐकायला हयात नव्हते.

आणि मग आली साल

कायटोसानची गोष्ट मात्र एकट्या होप्पे-झायलरची नाही. 1811 मध्ये फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यांना अळंबीत एक चिवट पदार्थ सापडला. 1823 मध्ये तसाच पदार्थ कीटकांच्या कठीण पंखांत मिळाला आणि त्याला कायटिन हे नाव पडलं. 1859 मध्ये शार्ल रूजे यांनी कायटिन तीव्र अल्कलीत उकळून पाहिलं, तेव्हा ते आम्लात विरघळू लागलं. 1876 मध्ये गेओर्ग लेडरहोझ यांनी शेवंडीचं कवच आम्लात उकळून त्यातून ग्लुकोसामाइन ही नायट्रोजनयुक्त साखर मिळवली.

होप्पे-झायलरने खेकडे, विंचू आणि कोळी यांची कवचं घेतली आणि ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये 180 अंश सेल्सियसला तापवली. मिळालेला पदार्थ सौम्य आम्लात विरघळत होता, आणि अल्कली घातली की पुन्हा वेगळा होत होता. त्याला त्याने कायटोसान म्हटलं. पुढच्याच वर्षी, 10 ऑगस्ट 1895 ला, कॉन्स्टन्स सरोवराकाठी त्याचं निधन झालं. तेव्हा तो 69 वर्षांचा होता.

विरघळण्याला एवढं महत्त्व का?

कायटिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याला हवा तसा आकार देणं कठीण. अल्कलीमुळे त्याच्या साखळीवरचे अॅसिटाइल गट निघतात आणि अमाइन गट मोकळे होतात. आम्लात या गटांवर धन विद्युतभार येतो आणि साखळी विरघळते. या द्रावणात ऋण भाराचा फॉस्फेट क्षार थेंबथेंब घातला की साखळ्या आपोआप गुंडाळल्या जाऊन काही शे नॅनोमीटरचे कण तयार होतात. केसाची जाडी याच्या शेकडो पट असते.

जखमेवरही हाच धन भार कामी येतो. लाल रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे त्या कायटोसानला चिकटून गोळा होतात आणि रक्त थांबतं. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांत अमेरिकी सैनिकांनी अशा पट्ट्या वापरल्या. ज्या लाल पेशींमधल्या रंगद्रव्याला होप्पे-झायलरने तरुणपणी नाव दिलं, त्याच पेशींना धरून ठेवणाऱ्या पदार्थाला त्याने आयुष्याच्या शेवटी नाव दिलं होतं. पण या दोघांचं असं नातं आहे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

मग साल कचऱ्यात का जाते?

कोलंबी, खेकडे, शेवंड यांच्या कवचांचा कचरा जगभरात दरवर्षी 60 ते 80 लाख टन होतो, असा अंदाज आहे. पण साल लवकर सडते, त्यामुळे कारखान्यांना ती ताजी, वेगळी आणि एका जागी भरपूर हवी असते. मासळी प्रक्रिया केंद्रांतून ती तशी मिळते. आपल्या घरची मूठभर साल भाजीच्या देठांबरोबर आणि चहाच्या चोथ्याबरोबर एकाच पिशवीत जाते.

दुसरी अडचण होप्पे-झायलरच्या पद्धतीतच आहे. आजही बहुतेक ठिकाणी आधी आम्ल आणि मग तीव्र अल्कली वापरतात. त्याला पाणी खूप लागतं आणि दूषित सांडपाणी उरतं. टाकाऊ सालीपासून बनवलं म्हणून एखादी वस्तू आपोआप पर्यावरणपूरक ठरत नाही, ती याच कारणाने. म्हणून आता लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू आणि विकरं वापरून तेच काम कमी रसायनांत करण्याचे प्रयत्न चालू आहेत. दही लावणारे जीवाणू याच कुळातले.

पुढच्या रविवारी कोलंबी सोलताना ती पातळ, पारदर्शक साल एकदा उजेडात धरून बघा. त्यातून कायटोसान काढता येतं, हे 1894 पासून माहीत आहे. नदी-खाडी न बिघडवता ते कसं काढायचं, यावर काम अजून चालू आहे.