मुलांशी दुःखाविषयी कसे बोलायचे? साने गुरुजींच्या आयुष्यातून समजून घ्या

घरातले कर्ज, मृत्यू किंवा मोबाइलवर दिसलेली वाईट बातमी मुलांपासून लपवायची की त्यांच्याशी बोलायचे? मलकापूरहून भुसावळमार्गे रेल्वेने गाठता येणाऱ्या अमळनेरमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी बोलण्याचा मार्ग निवडला.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडमध्ये झाला. १९१७ मध्ये आई गेली, तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते. पुढे अमळनेरच्या वसतिगृहात, घरापासून लांब राहणाऱ्या मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढले.

१९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. त्यातला श्याम सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. कर्जापायी झालेला अपमान, धाकट्या भावाचा मृत्यू, आईचे जाणे, यातले काहीच तो झाकत नाही. मात्र सगळे एकदम सांगत नाही. ४२ रात्रींत, थोडे थोडे सांगतो.

अखेरच्या काळात गुरुजी पुतणीला पत्रे लिहीत. त्यांत निसर्गासोबत देशातल्या घडामोडीही असत. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

घरी काय करता येईल? जेवणानंतर फोन बाजूला ठेवा. मुलाने काय ऐकले आहे, ते आधी विचारा. खरे सांगा, पण त्याला झेपेल इतकेच. रडू आले तर थांबवू नका. उरलेले उद्या बोला.