विंचेस्टरची पॅट्सी

गळ्यात साऱ्या जगाचं दुःख, आणि स्वभाव मात्र असा की कुणाचं ऐकून घेणार नाही! पॅट्सी क्लाइनचं वर्णन एका वाक्यात करायचं तर असंच करावं लागेल. अवघं तीस वर्षांचं आयुष्य. त्यात नाव मिळालं ते शेवटच्या पाच-सहा वर्षांत. पण तिला जाऊन साठ वर्षं उलटली तरी अमेरिकेत तिची गाणी ऐकली जातात, आणि नव्या गायिकांना आजही तिच्याशी तोलून पाहिलं जातं.

पॅट्सी कंट्री म्युझिक गायची. हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतलं, कष्टकरी माणसांचं गाणं. गिटार, व्हायोलिन आणि साधे शब्द. विषयही आपल्या ओळखीचेच. फसलेलं प्रेम, मोडलेला संसार, मागे राहिलेलं घर. आज या क्षेत्रात बायकांची मोठी नावं आहेत. पण १९५०च्या दशकात हा सगळा पुरुषांचा कारभार होता. बाई असायची ती शोभेपुरती, कार्यक्रमात मध्येच दोन गाणी म्हणण्यापुरती.

पॅट्सीचं खरं नाव व्हर्जिनिया पॅटरसन हेन्सली. जन्म ८ सप्टेंबर १९३२चा, व्हर्जिनिया राज्यातल्या विंचेस्टर गावचा. वडील लोहारकाम करायचे. आई हिल्डा तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती! त्यामुळे मायलेकी बहिणी-बहिणींसारख्याच वाढल्या. कामाच्या शोधात बिऱ्हाड सारखं हलायचं. शेवटी विंचेस्टरच्या साउथ केंट स्ट्रीटवरच्या एका छोट्या घरात ते टेकले. हा गावाचा गरिबांचा भाग. त्याच सुमारास वडील घर सोडून निघून गेले. पदरात तीन मुलं. हिल्डानं शिवणकाम करून घर चालवलं आणि थोरल्या पॅट्सीनं शाळा सोडली. कोंबड्या कापून साफ करायच्या कारखान्यात तिनं काम केलं, मग गावातल्या औषधाच्या दुकानात सोडा-सरबताच्या काउंटरवर उभी राहिली. दिवसभर काम, आणि रात्री मिळेल तिथे गाणं.

गाण्याचं शिक्षण शून्य. नोटेशन तिला कधीच वाचता आलं नाही, सगळं कानानं ऐकून उचललेलं. तेराव्या वर्षी ती घशाच्या आणि तापाच्या आजारानं मरता मरता वाचली. त्या दुखण्यातून उठल्यावरच आपला आवाज असा भरदार झाला, असं ती सांगायची. शाळकरी वयातच ती गावच्या रेडिओ स्टेशनवर एकटी गेली आणि मला गायचंय म्हणून उभी राहिली. कुणाची शिफारस नाही, ओळख नाही.

तिचे स्टेजवरचे कपडे आई शिवायची. झालर लावलेले, भरतकाम केलेले काउगर्लचे पोशाख. पॅट्सीनं कल्पना सांगायची आणि हिल्डानं मशीनवर बसायचं. पण गावातल्या बड्या घरांना हे थेर वाटायचे. रात्री-बेरात्री पुरुषांच्या बँडबरोबर गाणारी, भडक लिपस्टिक लावणारी, मोठ्यानं हसणारी पोरगी! तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं असेल ते वेगळं सांगायला नको. गाव छोटं असलं की तोंडं मोठी होतात, हे आपल्याला ठाऊकच आहे.

१९५३मध्ये जेराल्ड क्लाइनशी तिचं लग्न झालं. त्याला घरात बसणारी बायको हवी होती, हिला गायचं होतं. चार वर्षांत घटस्फोट झाला. या लग्नातून तिच्याकडे राहिलं ते फक्त आडनाव. पॅट्सी हे नाव मात्र तिला एका बँडप्रमुखानं दिलं होतं, तिच्याच पॅटरसन या मधल्या नावावरून.

१९५४मध्ये एका रेकॉर्ड कंपनीशी तिचा करार झाला आणि तिथेच ती फसली. इतर गायकांना मिळे त्याच्या साधारण निम्म्या दरानं रॉयल्टी, त्यातून रेकॉर्डिंगचा खर्च वजा, आणि गाणी फक्त कंपनीच्या मालकीचीच गायची, ही अट. बावीस वर्षांची, शाळा सोडलेली मुलगी. कागदावरचं बारीक अक्षर तिला कोण समजावून सांगणार? या करारात तिनं पन्नासच्या वर गाणी गायली. चाललं ते एकच, ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’.

त्याचीही गंमत आहे. २१ जानेवारी १९५७ला टीव्हीवरच्या आर्थर गॉडफ्री यांच्या प्रसिद्ध स्पर्धेत तिला हे गाणं गायला लावलं. तिला ते मुळीच आवडत नव्हतं. आईनं शिवलेला काउगर्लचा पोशाख घालायचा होता, तर तोही बदलून शहरी ड्रेस घालायला लावला. स्पर्धेत तिला घेऊन आली होती हिल्डाच. पॅट्सी गायली, जिंकली आणि रातोरात देशभर पोचली. पण पैसा? तो कंपनीच्या घशात गेला.

त्याच वर्षी तिनं चार्ली डिकशी लग्न केलं. १९५८मध्ये मुलगी झाली, १९६१च्या सुरुवातीला मुलगा. संसारात प्रेमही होतं आणि कडाक्याची भांडणंही. १९५९मध्ये कुटुंब नॅशव्हिलला आलं. ही कंट्री म्युझिकची पंढरीच. तिथल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात गाणं म्हणजे मोठा मान. तो १९६०मध्ये तिला मिळाला. जुना करारही संपला. डेका कंपनीत ओवेन ब्रॅडली हे तिचे निर्माते होते. तिच्या आवाजात काय आहे ते त्यांनी ओळखलं. झगमगाट बाजूला ठेवून तो आवाज त्यांनी मऊ, संथ संगीतावर बसवला. ‘आय फॉल टू पीसेस’ हळूहळू वर चढत १९६१च्या ऑगस्टमध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं.

पण त्याआधीच, १४ जूनला, नॅशव्हिलमध्ये तिच्या गाडीची दुसऱ्या गाडीशी समोरासमोर टक्कर झाली. ती काच फोडून बाहेर फेकली गेली. कपाळ फाटलं, मनगट मोडलं, खुबा निखळला. तिची गायिका मैत्रीण डॉटी वेस्ट धावत आली आणि तिच्या केसांतल्या काचा वेचत बसली. तशाही स्थितीत पॅट्सी सांगत होती, की आधी दुसऱ्या गाडीतल्या लोकांकडे बघा.

साधारण महिनाभर ती हॉस्पिटलमध्ये होती. एके रात्री रेडिओवर एका नवख्या मुलीनं पॅट्सीचंच गाणं तिच्यासाठी गायलं. कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न झालेली, चार मुलांची आई. नाव लॉरेटा लिन. दुसरी एखादी असती तर मनात म्हणाली असती, मी इथे पडले आणि ही माझं गाणं पळवतेय! पॅट्सीनं नवऱ्याला सांगून तिला भेटायला बोलावून घेतलं. तिथून जी मैत्री जुळली ती शेवटपर्यंत टिकली. लॉरेटाला तिनं कपडे दिले, स्टेजवर कसं वावरायचं ते शिकवलं. इतर काही गायिकांनी लॉरेटाला ऑप्रीतून घालवायचं म्हणून बैठक भरवली, तेव्हा पॅट्सी तिला सोबत घेऊनच त्या बैठकीला गेली. विषय तिथेच मिटला. ही हकीगत लॉरेटानं पुढे आत्मचरित्रात सांगितली आहे.

डॉटीलाही घरभाड्याला पैसे कमी पडले की पॅट्सीचा हात पुढे असायचा. आणि स्वतःच्या पैशाबाबत? जुन्या कराराचा धडा ती विसरली नव्हती. आयोजक बायकांना गोड बोलून बुडवतात हे तिनं पाहिलं होतं. त्यामुळे तिचा नियम साधा होता. आधी पैसे मोजा, मग पडदा वर जाईल. लोक तिला तोंडाळ म्हणायचे. म्हणेनात का!

अपघातानंतर कपाळावरचे व्रण ती मेकअप आणि विगनं झाकायची. कुबड्या घेऊनच ती ‘क्रेझी’ गायला स्टुडिओत गेली. हे गाणं विली नेल्सनचं, तेव्हा तो धडपडणारा गीतकार होता. बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात. ती परत गेली, काही दिवसांनी आली आणि एका दमात गाणं पूर्ण केलं. आज ते तिचं सगळ्यात लाडकं गाणं आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ती ऑप्रीच्या कलाकारांबरोबर गायली. केंट स्ट्रीटची पोरगी, कार्नेगी हॉलमध्ये!

३ मार्च १९६३, रविवार. रस्ता अपघातात गेलेल्या एका रेडिओ निवेदकाच्या कुटुंबाला मदत म्हणून कॅन्सस सिटीत कार्यक्रम होता. फ्लूनं अंग मोडलेलं असूनही पॅट्सी गायली. दुसऱ्या दिवशी धुक्यानं विमान उडेना. डॉटी गाडीनं निघाली होती, चल म्हणाली. पण पॅट्सीला लेकरांकडे लवकर पोचायचं होतं, ती विमानासाठी थांबली. ५ मार्चला संध्याकाळी टेनेसी राज्यात कॅम्डेनजवळच्या जंगलात, खराब हवेत, ते छोटं विमान कोसळलं. चालवणारा तिचा व्यवस्थापक रँडी ह्यूज, सोबत काउबॉय कोपस आणि हॉकशॉ हॉकिन्स हे दोन गायक. कुणीच वाचलं नाही. मुलगी चार वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा.

अंत्यसंस्कार विंचेस्टरलाच झाले. हजारोंची गर्दी लोटली. पण गावातल्या प्रतिष्ठितांच्या नाकावरची आठी काही लगेच गेली नाही. तिचं काही स्मारक करावं म्हटलं की वर्षानुवर्षं कुरबुरी चालायच्या. बाहेरच्या जगानं मात्र वाट पाहिली नाही. १९७३मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली. एकट्याच्या बळावर तिथे पोचलेली ती पहिली बाई. १९७७मध्ये लॉरेटानं फक्त पॅट्सीच्या गाण्यांचा अल्बम काढला. त्याआधीच, १९६४मध्ये जुळ्या मुली झाल्या तेव्हा, तिनं एकीचं नाव पॅट्सी ठेवलं होतं. १९८५मध्ये तिच्यावर सिनेमा आला, १९९३मध्ये टपाल तिकीट निघालं.

हिल्डा १९९८पर्यंत जगली. लेकीचं सगळं यश तिनं लेकीशिवाय पाहिलं. आणि २०११मध्ये साउथ केंट स्ट्रीटवरचं ते छोटं घर लोकांना बघण्यासाठी खुलं झालं. ज्या गल्लीकडे बघून नाकं मुरडली जायची, तिथे आता माणसं तिकीट काढून येतात. ज्या घरात आई शिवायची आणि लेक गायची, ते घर बघायला.