कर्मवीर भाऊराव पाटील : शाळा चालविण्याची त्यांची रीत

शाळा चालविणे हे हुद्द्याचे काम होय, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. ज्याच्यापाशी पदवी आणि नेमणुकीचा कागद तो मुख्याध्यापक, व त्याचा हुकूम ती शिस्त. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यापाशी यांतले काहीच नव्हते. इंग्रजी सहावीपलीकडे त्यांचे शिक्षण गेले नाही. मॅट्रिकही ते झाले नाहीत. तरी त्यांच्या हयातीतच रयत शिक्षण संस्थेच्या शंभराच्या आसपास माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या. आपल्या पिंपरी पेंढारच्या शेजारी, आंबेगाव तालुक्यात, मंचरचे अण्णासाहेब आवटे महाविद्यालय त्याच संस्थेचे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहिले. १९०८ साली तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव गेले. परतल्यावर स्नान करूनच आत यावे, असे चालकांनी फर्माविले; ते त्यांनी मानले नाही आणि वसतिगृहास मुकले. ज्ञातिबांधवांनी येथे क्षणभर थांबावे. शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात निघालेल्या ज्ञातिवार वसतिगृहांनी बहुजन समाजावर थोर उपकार केले, हे निर्विवाद आहे. आपणही वसतिगृहाच्या गोष्टी बोलतो. परंतु अशाच एका वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलाने पुढे सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले, याचा विचार आपण करावयास हवा.

पुढे साताऱ्यास खाजगी शिकवण्या, मग डांबर प्रकरणातील कारावास, त्यानंतर किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची विक्री. या फिरतीत त्यांना खेडे दिसले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी संस्था स्थापिली. १९२४ मध्ये ती साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहाचे १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

त्यांची खरी रीत पाहावयाची ती या बोर्डिंगात. मुलांनीच स्वयंपाक करावा, मुलांनीच शेत खणावे, आणि महार, मराठा, जैन, मुसलमान सर्वांनी एका पंक्तीस बसावे. जातिभेदाविरुद्ध व्याख्यान देणे सोपे असते. एकाच तव्यावरची भाकरी रोज वाटून खाणे अवघड. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या मुलांच्या आई झाल्या. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. कर्मवीरांच्या चरित्रांत त्यांच्या वाट्यास चार ओळी येतात, हे मला न्याय्य वाटत नाही.

खेड्याचा शिक्षक खेड्यातलाच हवा, हे ओळखून १९३५ साली त्यांनी साताऱ्यास अध्यापक विद्यालय काढले. तेथून निघालेले तरुण शाळा नसलेल्या गावी जात, गावकरी जागा देत, आणि एकाच शिक्षकावर व्हॉलंटरी शाळा सुरू होई. अशा शेकडो शाळा निघाल्या. मास्तरवर विश्वास टाकून त्यास एकटे सोडणे केवढ्या धैर्याचे काम आहे, हे शाळाखात्यात आयुष्य घालविलेला माणूसच जाणे. १९४० च्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात तर फीऐवजी श्रम घेतले जात. बोर्डिंगातलेच एक पोर, पी. जी. पाटील, बॅरिस्टर होऊन परतले व संस्थेच्या कामास लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान रोखले. तेव्हा गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली, आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. १९५४ साली कऱ्हाडास निघालेल्या महाविद्यालयास भाऊरावांनी गाडगे महाराजांचेच नाव दिले.

१९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या गृहस्थास डी.लिट. दिली. थोड्याच दिवसांनी, ९ मे रोजी, त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी साताऱ्यास आहे.