यंत्राला शनिवार कोण देणार?

डोंबिवलीहून सकाळच्या गाडीने मुंबईस जाणाऱ्या कारकुनाच्या मनात आज एक शंका घर करून आहे. आपले टेबल उद्या यंत्राकडे तर जाणार नाही ना? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात ही शंका नवी वाटते. परंतु पाऊणशे वर्षांपूर्वीच ती एका थोर गणितज्ञास छळीत होती. नॉर्बर्ट वीनर हे त्याचे नाव.

वीनर यांचा जन्म १८९४ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात, एका ज्यू कुटुंबात झाला. वडील हार्वर्ड विद्यापीठात स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक. त्यांच्या करड्या शिस्तीत वाढलेल्या या मुलाने अठराव्या वर्षीच हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली. आपण ज्यू आहोत, हे मात्र घरच्यांनी त्याच्यापासून लपविले होते. ते कळले तेव्हाचा घाव दीर्घकाळ बुजला नाही.

दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानाची पुढची जागा आधीच हेरणाऱ्या तोफयंत्रणेवर त्यांनी काम केले. त्याच विचारातून १९४८ साली ‘सायबरनेटिक्स’ हा ग्रंथ सिद्ध झाला. पण हिरोशिमानंतर त्यांची सदसद्विवेकबुद्धी स्वस्थ बसेना. क्षेपणास्त्रांच्या कामी येणारे आपले संशोधन देण्यास त्यांनी नकार दिला आणि १९४७ च्या आरंभी तो जाहीरही केला. १९४९ साली त्यांनी मोटार कामगारांचे नेते वॉल्टर रूथर यांना पत्र लिहून स्वयंचलित यंत्रांमुळे ओढवणाऱ्या बेकारीची पूर्वसूचना दिली. १९५५-५६ मध्ये ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते.

मार्च १९६४ मध्ये स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावात ‘गोलेम’ आहे. प्रागच्या एका धर्मगुरूने मातीचा पुतळा सजीव केला, अशी ज्यू लोककथा आहे. शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी त्यातील चैतन्य काढून घेण्यास तो एकदा विसरला आणि गोलेम बेफाम झाला. आपल्याला येथे भस्मासुर आठवेल. पण दोघांत भेद आहे. भस्मासुर कृतघ्न होता, गोलेम केवळ ताबेदार. म्हणूनच येथे दोष चालविणाऱ्याचा ठरतो. वीनर धर्माचरणी नव्हते, तरी यंत्र हुकूम अक्षरशः पाळते, म्हणून हुकूम देणाऱ्याची जबाबदारी वाढते, हेच ते सांगत राहिले.

हा विचार आपल्यालाही परका नाही. ठाण्यात १८७९ पासून सिनेगॉग उभे आहे. ते बांधणारे बेने इस्राएल म्हणजे कोकणातले आपले मराठीभाषक शेजारी. तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्या धर्माज्ञेत विश्रांती मालकाइतकीच नोकराची आणि जनावराचीही आहे. उत्पादनाहून मोठे काही आहे, हे त्या थांबलेल्या घाण्याने पिढ्यान् पिढ्या सांगितले.

कचेरीत टिपण कोणीही लिहो, जबाबदार सही करणारा असतो. यंत्राने कर्ज नाकारले, उमेदवार वगळला वा गुण दिले, तरी त्याखाली एका माणसाची सही हवी आणि त्या माणसाला यंत्र थांबविण्याचा अधिकार हवा. एवढा आग्रह शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी आजच धरला पाहिजे. गोलेम बेफाम झाल्यावर धर्मगुरूला दोष देऊन प्रागचे नुकसान भरून निघणार नव्हते.